इंदूरचा जागता पहारा

इंदूरला जाणे हे आम्हां देवासकरांना ओसरीवरून माजघरात जाण्यासारखे आहे. अंतर चाळीस किलोमीटरांच्या आत. लग्नाचा बस्ता असो, डोळ्यांची तपासणी असो, की एखाद्या चांगल्या नाटकाचा प्रयोग असो, आमची पावले आपोआप तिकडे वळतात. गेल्या वर्षी मार्गशीर्षात धाकट्या कन्येचा विवाह ठरला, तेव्हाही आम्ही उभयता असेच सायंकाळी इंदुरात उतरलो. बरोबर एक कापडी पिशवी होती. तीत जुना पितळी डबा, आणि डब्यात आमच्या मातोश्रींच्या दोन पाटल्या व एक मोहनमाळ. माळ मोडून मुलीसाठी नव्या घडणीचे काही करावे आणि पाटल्यांना उजाळा द्यावा, एवढेच काम होते. मातोश्रींना जाऊन सहा वर्षे झाली. त्यांच्या अंगावरचे म्हणून घरात उरलेले सोने ते एवढेच.

सरवटे बसस्थानकापासून ई-रिक्षा केली आणि कृष्णपुऱ्याच्या पुलापाशी उतरलो. होळकरांच्या छत्र्यांवर नुकतेच दिवे लागले होते. सौ. भाड्याचे सुटे पैसे मोजून देत होत्या आणि आमचे लक्ष समोरच्या उंच खांबाकडे गेले. खांबाच्या माथ्यावर चार दिशांना तोंडे केलेले चार कॅमेरे होते. पलीकडच्या साड्यांच्या दुकानावर आणखी दोन, त्याच्या शेजारच्या औषधांच्या दुकानावर एक. खाली पाटी होती : ‘आप कैमरे की नज़र में हैं.’ मान वर करून आम्ही ते कॅमेरे मोजत राहिलो. या मोजणीची किंमत थोड्याच वेळात कळायची होती.

हे शहर आमच्या विद्यार्थिदशेत असे नव्हते. एम. ए.ची दोन वर्षे आम्ही रामबागेत आतेच्या घरी काढली. रात्री काठी आपटीत आणि शिटी फुंकीत गुरखा फिरे. दिवसाचा पहारा ओट्यावरच्या आजीबाईंकडे असे. कोणाकडे कोण पाहुणा आला, कोणाचा मुलगा परीक्षेच्या दिवसांत सिनेमाला गेला, गल्लीत शिरलेला अनोळखी इसम कोणाच्या दारापाशी रेंगाळला, यांतले काहीही त्यांच्या दृष्टीतून सुटत नसे. त्या नजरेचा आम्हां तरुणांना जाचही फार होई. परंतु गल्लीत चोरी झाल्याचे त्या दोन वर्षांत आमच्या ऐकिवात नाही.

आज रामबागेसारख्या जुन्या वस्त्यांतील वाडे पडून तेथे सदनिका उभ्या राहिल्या. ओटे गेले, आणि ओट्यांचे काम खांबांकडे आले. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने स्मार्ट सिटी योजनेतील पहिल्या वीस शहरांची नावे जाहीर केली, त्यांत इंदूर होते. पुढे चौकाचौकांतील चित्रे एका नियंत्रण कक्षात येऊ लागली; सिग्नल मोडणाऱ्याच्या घरी दंडाची सूचना आपोआप पोचू लागली. डिसेंबर २०२१ पासून येथे पोलीस आयुक्तालय आले. २०२४ मध्ये तर इंदूरसाठी सामुदायिक निगराणीचे वेगळे नियम करण्यात आले. गर्दी जमणाऱ्या आस्थापनांनी स्वखर्चाने कॅमेरे लावावेत, चित्रण काही काळ जपावे आणि मागणी होताच ते पोलिसांना द्यावे, असा त्यांचा आशय. जगातील मोठ्या शहरांतील कॅमेऱ्यांची गणना करणाऱ्या एका ब्रिटिश संस्थेने चीनबाहेरच्या शहरांत इंदूरला अगदी वरच्या काही स्थानांत बसविले आहे. दर हजार रहिवाशांमागे साठाच्या आसपास कॅमेरे, असा तिचा अंदाज. स्वच्छतेत २०१७ पासून सतत अग्रभागी राहिलेल्या या शहराला हा दुसरा मान त्या मानाने गाजावाजा न होता मिळाला.

राजवाड्याच्या सात मजली दरवाजाला वळसा घालून आम्ही सराफ्यात शिरलो. ज्यांनी इंदूर पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगितले पाहिजे की, हा बाजार दिवसा सोन्याचांदीचा आणि रात्री खाण्याचा. सराफांची दुकाने बंद होऊ लागली की त्यांच्याच पायऱ्यांवर व पुढच्या जागेत भुट्ट्याचा कीस, गराडू, दहीवडे, मालपुवे आणि हाताएवढी जिलेबी यांच्या शेगड्या पेटतात, त्या मध्यरात्र उलटेपर्यंत विझत नाहीत. जुने लोक सांगतात की सराफांनी ही खाऊगल्ली आपखुशीने वाढू दिली, कारण जेथे रात्री दोन वाजेपर्यंत माणसांची वर्दळ आणि दिव्यांचा उजेड असतो, तेथे कुलुपाला हात लावण्याची छाती कोणाची होणार? पहारेकऱ्याला पगार देण्याऐवजी सबंध गावालाच जेवायला बोलावून पहाऱ्यावर बसविण्याची ही युक्ती अस्सल माळव्यातली खरी.

याही आधीचे उदाहरण अहिल्याबाईंच्या काळातले आहे. घाटांतून जाणाऱ्या व्यापाऱ्यांना भिल्लांच्या टोळ्यांचा उपद्रव होई. अहिल्याबाईंनी प्रसंगी कठोर उपाय केले. तथापि मालावर थोडासा कर घेण्याचा त्यांचा परंपरागत हक्क, ज्याला ‘भिलकवडी’ म्हणत, तो मान्य करून त्यांच्याच हद्दीतील वाट सुरक्षित ठेवण्याची आणि चोरीस गेलेला माल मिळवून देण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. जॉन माल्कमने १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य हिंदुस्थानच्या इतिहासात याची नोंद आहे. ज्याच्याविषयी संशय, त्यालाच विश्वासाने राखणदार करणे, हा त्यातला मुद्दा. असले विचार मनात घोळवीत आम्ही सराफाच्या बैठकीवर बसलो, आणि दागिने काढण्यासाठी हात खाली नेला. पिशवी नव्हती.

पिशवी आमच्याच पायाशी होती. उतरताना ती उचलण्याचे काम आमचे होते, आणि आम्ही खांबावरचे कॅमेरे मोजत होतो.

सौ. एक शब्दही बोलल्या नाहीत. त्या न बोलण्याचे ओझे अधिक. धावतपळत पुलापाशी परत आलो. ई-रिक्षा दहा-बारा उभ्या होत्या, आमची कोणती ते ओळखणे अशक्य. सराफाचा मुलगा आम्हांला जवळच्या एका पोलीस चौकीत घेऊन गेला. तेथील तरुण शिपायाने सारे शांतपणे ऐकून घेतले आणि प्रथम विचारले, ‘‘कितने बजे उतरे थे, गुरुजी?’’ आम्ही घड्याळ पाहिले नव्हते. तो आम्हांला साड्यांच्या दुकानात घेऊन गेला. गल्ल्यामागे एक काळी पेटी व छोटा पडदा होता. कॅमेऱ्यांनी टिपलेले सर्व त्या पेटीत साठते आणि जागा भरली की जुने पुसून त्यावर नवे चढते. म्हणून तक्रार करणाऱ्याने दिवस दवडू नयेत, हे आम्हांला तेथे समजले. पेटीचे घड्याळ सतरा मिनिटे पुढे होते, हेही त्या शिपायाने आपल्या मनगटाशी ताडून पाहिले आणि कागदावर टिपून घेतले. अशा बारीक काळजीवाचून पुढचा सारा हिशेब चुकतो.

पडद्यावर आम्ही उतरताना दिसलो. स्वतःला असे पाठमोरे पाहणे विचित्र वाटते. आम्ही मान वर करून उभे, सौ. पैसे देताहेत, मग दोघेही राजवाड्याच्या दिशेने चालू लागलो. ई-रिक्षा तेथेच. चालकाने मागे वळून पाहिले. पिशवी उचलली. उघडली. आतला डबा किंचित वर करून पुन्हा ठेवला. इकडे पाहिले, तिकडे पाहिले, पिशवी आपल्या आसनाखाली सारली आणि गाडी हाकली.

‘‘हाच चोर!’’ आम्ही ओरडलो. दुकानातील गिऱ्हाइकेही वळून पाहू लागली. पस्तीस वर्षे मुलांना ‘शब्द जपून वापरा’ असे शिकविणाऱ्या आमच्या तोंडून तो शब्द विनासायास बाहेर पडला. चौकातल्या दुसऱ्या कॅमेऱ्यात गाडीचा क्रमांक स्पष्ट आला होता. चौकीतून निरोप गेला, क्रमांकावरून मालक सापडला, मालकाने चालकाचे घर सांगितले, आणि तासाभरात दोन शिपाई खजराण्याकडच्या एका वस्तीत त्याच्या दारात जाऊन उभे राहिले.

इकडे आम्ही उठू लागलो, तर तरुण शिपाई म्हणाला, ‘‘बैठिए गुरुजी. ज़रा आगे और देख लें.’’ त्याने चित्रण पुढे नेले. दहा मिनिटे गेली. अकराव्या मिनिटाला तीच ई-रिक्षा, रस्ता एकेरी असल्यामुळे फेरा घालून, पुन्हा त्याच जागी आली. चालक उतरला. पुलाच्या दोन्ही बाजूंना जाऊन आला. पानवाल्याला काही विचारले. दोन बायका बसायला आल्या, त्यांना त्याने हात हलवून नाही म्हटले. धंद्याच्या ऐन वेळी तो माणूस रिकामी गाडी घेऊन चाळीस मिनिटे तेथे उभा होता. त्या वेळी आम्ही दोनशे पावलांवर सराफ्यात अहिल्याबाईंच्या न्यायाचे चिंतन करीत होतो.

शिपायाने तत्काळ फोन लावला, परंतु तोवर उशीर झाला होता. चालकाला गाडीत घालून आणण्यात आले होते. चाळिशीचा, किरकोळ अंगाचा माणूस; सदऱ्याची वरची गुंडी तुटलेली. पिशवी त्याने स्वतःच बरोबर आणली होती. डबा उघडला, पाटल्या, माळ, आणि मातोश्रींच्या हातची जुनी पावतीदेखील जशीच्या तशी. त्या पावतीवर नाव-पत्ता सापडेल म्हणून त्याने पिशवी उघडून पाहिली होती; पत्ता नव्हता. सकाळी सरवट्याला, जेथून आम्ही बसलो होतो, तेथे जाऊन उभे राहायचे त्याने ठरविले होते. मग रात्रीच चौकीत का आणून दिली नाही, असे कोणीतरी विचारले. तो म्हणाला, ‘‘साब, लेके आता तो पहले मुझे ही बिठा लेते.’’ यावर कोणी काही बोलले नाही.

आम्ही खिशात हात घातला. त्याने मान हलविली. म्हणाला, ‘‘इनको तो आपने वीडियो दिखा दिया. मेरे मोहल्ले में सबने देखा है मुझे ले जाते हुए. उधर किसको क्या दिखाऊँ?’’

त्या रात्री आम्ही देवासला परतलो नाही. एका आप्ताकडे राहिलो, आणि झोप न आल्यामुळे विचार करीत राहिलो. कॅमेरा नसता तर काय झाले असते? कदाचित तो सकाळी सरवट्याला येऊन उभा राहिला असता, कदाचित आमची गाठ पडली असती, कदाचित नसती. आणि जन्मभर आम्ही इंदूरच्या ई-रिक्षावाल्यांना नावे ठेवीत बसलो असतो. पिशवी मिळाली ती कॅमेऱ्यामुळे, आणि त्या माणसाचा प्रामाणिकपणा सिद्ध झाला तोही कॅमेऱ्यामुळेच. तेव्हा या यंत्राला दोष देणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु त्याच यंत्राने दाखविलेल्या अर्ध्या मिनिटाने आम्ही त्याला चोर ठरविले होते, हेही तितकेच खरे.

घरी आल्यावर आम्ही या विषयावर मिळेल ते वाचले. २०१९ मध्ये काही गुन्हेशास्त्रज्ञांनी चाळीस वर्षांतील अभ्यास एकत्र करून निष्कर्ष काढला की, कॅमेरे असलेल्या ठिकाणी गुन्हे तुलनेने सुमारे १३ टक्क्यांनी कमी झाले. सर्वांत जास्त उपयोग वाहनतळांवर दिसला, मारामारी-हिंसेच्या गुन्ह्यांवर मात्र लक्षात घेण्याजोगा परिणाम आढळला नाही. जेथे पडद्यासमोर माणूस जागा बसला होता आणि जोडीला उजेड, गस्त वगैरे उपाय होते, तेथे गुण अधिक आला. कारण उघड आहे. वाहन पळविणारा आगापीछा पाहून काम करतो. रागाने किंवा नशेने पेटलेला माणूस खांबाकडे पाहत नाही. इंदूरने याचा अनुभव घेतला आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये निरंजनपूर ते राजीव गांधी चौक या मार्गावर दुकाने रात्रभर उघडी ठेवण्याचा प्रयोग सुरू झाला, आणि रात्रीच्या धिंगाण्याच्या तक्रारी वाढल्यामुळे जुलै २०२४ मध्ये तो बंद करावा लागला. कॅमेऱ्यांची शहरात वाण नव्हती. भांडणांची चित्रणे घरोघर पोचली, भांडणे थांबली नाहीत. आधी सांगितलेल्या ब्रिटिश संस्थेलाही कॅमेऱ्यांची संख्या आणि गुन्ह्यांचे प्रमाण यांत फारसा संबंध आढळला नव्हता.

दुसरा उपयोग पुराव्याचा. येथेही यंत्र एकटे पुरत नाही. जालना मतदारसंघातील एक वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीनंतर घेतला गेला की काय, हा प्रश्न. आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतील कॅमेऱ्यांचे चित्रण हा पुरावा. खोतकर विरुद्ध गोरंट्याल या खटल्यात १४ जुलै २०२० रोजी न्यायालयाने सांगितले की, अशा चित्रणाच्या प्रतीसोबत ते कोणत्या यंत्रातून, कसे काढले याचे प्रमाणपत्र हवे. मात्र ते मिळविण्याचा सर्व प्रयत्न करूनही अधिकारी देत नसतील तर त्यासाठी पक्षकाराला शिक्षा नको. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही प्रमाणपत्राची अट आहेच. आमच्या शिपायाने सतरा मिनिटांचा फरक कागदावर टिपला, त्याचे महत्त्व आम्हांला हे वाचल्यावर कळले.

आणि पहारा करणाऱ्यावर पहारा कोणाचा? मराठी माणसाला हा प्रश्न नवा नाही. पेशवाईत पुण्याचा कोतवाल घाशीराम रात्री तोफ झाल्यावर रस्त्यावर फिरणाऱ्याला पकडी. गावावर त्याची नजर होती, त्याच्या कोठडीवर कोणाची नव्हती. १७९१ साली त्या कोठडीत माणसे गुदमरून मेली, तेव्हा लोक जागे झाले आणि त्यांनी कोतवालालाच दगडांनी ठेचले. तो न्याय नव्हे. आजचा मार्ग अधिक शहाणपणाचा आहे. २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशातील प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडी आणि प्रवेशद्वारासह, कॅमेरे लावून चित्रण अठरा महिने जपण्याचा आदेश दिला. तो आदेश जेथे पुरता अमलात येईल, तेथे गुंडी तुटलेल्या सदऱ्याचाही जाब विचारता येईल. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे त्याच न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले आहे. तेव्हा दुकानदाराच्या पेटीतील चित्रण पोलिसांना देणे वेगळे, आणि गंमत म्हणून गावभर वाटणे वेगळे. आम्ही ‘चोर’ म्हणून ओरडलो तेव्हा एका गिऱ्हाइकाने खिशातून फोन काढला होता. त्याने पडद्यावरचे ते अर्धे मिनिट टिपून चार ठिकाणी पाठविले असते, तर पुढच्या चाळीस मिनिटांचे चित्रण कोण कोणाला दाखवीत बसले असते?

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उभयता पेढ्यांचा पुडा घेऊन त्या वस्तीत गेलो. गल्ली अरुंद, घरे लहान, आणि घरांपुढे ओटे. तो घरीच होता. गाडी त्या दिवशी काढली नव्हती. आम्ही ओट्यांवर बसलेल्या मंडळींना हात जोडून मोठ्याने सांगितले की, आमची पिशवी आमच्या चुकीने राहिली, यांनी ती सांभाळली, आम्हांला शोधीत चाळीस मिनिटे उभे राहिले, आणि आम्ही त्यांच्यावर खोटा आळ घेतला. शाळेच्या प्रार्थनेत शेकडो मुलांपुढे बोलण्याची सवय असूनही त्या पंधरा-वीस माणसांपुढे आमचा आवाज कापत होता.

एक वृद्धा तांदूळ निवडीत बसली होती. सूप खाली ठेवून ती म्हणाली, ‘‘हमको तो रात को ही मालूम था. पुलिसवालों को बोला भी मैंने. मेरी कौन सुनता है?’’ मग सौ.कडे वळून तिने विचारले, ‘‘बिटिया की शादी कब है?’’

माळ आम्ही मोडली नाही. आहे तशी मुलीच्या गळ्यात घातली. आणि शाळेत मुलांच्या भांडणाचे किंवा हरवल्या वस्तूचे चित्रण पाहण्याची वेळ आली, की आमच्या कार्यालयात आता एक नियम आहे : हवे ते दिसल्यावर यंत्र थांबवायचे नाही, आणखी दहा मिनिटे पाहायचे. अकराव्या मिनिटाला काही दिसेलच असे नाही. पण पाहिल्यावाचून कोणाला बोलवायचे नाही.